कार्बन

विद्यापीठातली पोरगी आली, हातात प्रश्नावली.
म्हणाली, काका, कुठल्या तालुक्यात किती पैसा हरतात,
अंदाजे सांगा.
गंगावेशीत म्हशी पिळायचं चाललं होतं,
धार वाजत होती भांड्यात.
म्हटलं, आधी फेसाचा एक ग्लास पी,
मग हिशेब.

एकतीस वर्षं चिठ्ठ्या फाडल्या मी.
ओपन, क्लोज, जोडी, पान.
रुपयामागं दहा पैसे माझे, उरलेले वर.
वर म्हणजे कुठं, ते विचारलं नाही.
मोरीचं पाणी कुठं जातं
कोण विचारतं?

लिही मग.
इचलकरंजी पगाराच्या दिवशी हरायची.
मागावरची माणसं, कानांत खटखट बसलेली,
मोठ्यानं बोलतील म्हणून बोटांनी आकडा दाखवायची,
तीन, आठ,
आणि मलकारीचं एक बोट अर्धं होतं
त्यामुळं त्याचा आकडा दोनदा विचारावा लागायचा.
हुपरीचा महावीर पुडीत नोट गुंडाळून धाडायचा,
उन्हात धरली की नोट चमकायची,
चांदीची धूळ.
गडहिंग्लजच्या बाजारचे पैसे मोजताना
मी शिंकायचो. मिरची.
उद्यमनगर स्वप्नावर खेळायचं.
भट्टीपुढं उभं राहून आलेली माणसं,
झोपेत त्यांना पाणीच दिसायचं,
आणि पाण्याचा आकडा
कधी लागल्याचं मला आठवत नाही.

चंदगड कमी हरायचं.
शहाणपण नव्हे पोरी,
एसटी एकच होती.

एकूण किती, म्हणाली ती.
एकूण मला कसं ठाऊक असेल?
प्रत्येक चिठ्ठीची निळी नक्कल माझ्याकडं राहायची,
आठवडा झाला की बायको ती बंबात घालायची.
अख्ख्या जिल्ह्याच्या आशेवर
आमच्या घरी पाणी तापायचं,
आणि मी त्यानं अंग घासून घ्यायचो.
अंगठ्याचा डाग तेवढा निघायचा नाही.

देव नव्हतो मी, तसं काही लिहू नकोस.
एकदा सर्जेरावला म्हटलं, बायको दवाखान्यात हाय तुझी,
आज न्हाई घेत, जा घरी.
गेला.
पुढच्या टपरीवर.

आता माझ्या टपरीत मोबाईलची कव्हरं लटकतात.
चिठ्ठी मागायला कोणी येत नाही.
हरायला आता एसटी लागत नाही,
चंदगडसुद्धा हरतं,
पार तिकडं तिलारीच्या अंगाला,
जिथं रेंज मिळवायला
पोरं बांधावर चढून उभी राहतात.
तिथं त्यांना जा घरी म्हणायला
मीसुद्धा नाही.

एवढं तिला सांगितलं.
पुढचं नाही.

आमचा प्रज्योत, नातू, पॉलिटेक्निकला आहे.
रात्री पांघरुणात उजेड दिसायचा,
मला वाटलं अभ्यास.
अंगठ्यावर निळं पडलेलं असायचं.
परवा डोळ्याच्या ऑपरेशनचे पैसे काढायला
बँकेत गेलो, आधी पासबुक भरायला दिलं.
यंत्र खरखरत राहिलं,
मागं रांगेतली बाई म्हणाली, आजोबा, लई व्यवहार तुमचा.
एकोणपन्नास रुपये. एकोणपन्नास. नव्व्याण्णव.
पाचशे.
शेवटच्या पानावर बारा हजार, एकाच ओळीत.
सगळं तारखेवार.
इतकी स्वच्छ नक्कल
मी आयुष्यात काढली नव्हती.

घरी आलो. त्याला काही बोललो नाही.
काय बोलणार? दहा पैसे घेतलेल्या तोंडानं?
त्यानं विचारलं, आबा, चहा टाकू?
टाक म्हटलं.

ग्लास रिकामा झाला होता, ओठावर तिच्या फेस.
शेवटचा प्रश्न, काका.
तुमच्या घरात कोणी खेळतं का?
मी तिच्याकडून पेन मागून घेतलं,
कागद गुडघ्यावर ठेवला
आणि जुन्या सवयीनं दाबून लिहिलं,
खालच्या कोऱ्या पानावर उठेल
इतकं.