डावखुरं छत

राजारामपुरी, आठवी गल्ली, वरचा मजला.
उसावर फवारायचा पंप आणलाय दस्तगीरनं,
आत औषध नाही, कोमट पाणी आणि थोडा साबण.
छत भिजवतो, मग म्हणतो,
'च्या टाका ताई, मुरू दे जरा.'

ब्याण्णव साली फॅशन होती ही.
छताला पांढरे काटे, गोल गोल लाटा,
पाहुणे माना वर करून बघायचे
आणि चहा निवायचा.
पुढं तिथं फक्त जळमटं साठली,
केरसुणी अडकायची, हीर तुटून लोंबायचे.
टायफॉइडात पडून मी त्यात बघायचे
एक उंट, दोन नाकं,
घोरपडेबाईंचा अंबाडा.

पत्रा लागला की ओला भुगा सुटतो,
खाली अंथरलेल्या जुन्या साडीवर
थपाथपा पडतो.
उंट गेला. अंबाडा गेला.

खिडकीपाशी दस्तगीर थांबला, शिडीवरच.
एका लाटेवरून बोट फिरवत राहिला.
'डावा हात हाय ह्यो.
सगळ्या लाटा उलट्या वळल्यात बघा.
अब्बाचंच काम.'

मला काही सुचेना.
राहू दे तेवढं, म्हणाले, खिडकीपुरतं.
तो हसला, भुवयांवर चुना.
'ऱ्हाऊ दे कशाला? गुळगुळीत ठरलंय न्हवं?
फक्त पक्कं चिकटवलंय म्हाताऱ्यानं,
दोन दिस जादा लागतील.
त्याची हजेरी येगळी.'

आणि पत्रा डाव्या हातात घेतला.
'असाच सुटतोय,' म्हणाला.