शेजार

नाखोन पाथोमच्या बाजारामागे सोमवोंगच्या फळीवर
बाटल्या, आणि दर दोन बाटल्यांमध्ये पुठ्ठा.
दिसला की भांडण.

प्रानोमने फाटक्या शेपटीचा निळा उचलला.
"याला सोबत कुणाची चालेल?"
"त्यालाच विचार," तो म्हणाला. "गप्पी मात्र नकोत,
झगझगीत झगे घालून फिरतात,
याला वाटतं, आपल्यालाच खिजवताहेत."

मग तळाशी वाळू हुंगणारे सहा कोरी.
पहिल्या दिवशी त्याने कल्ले फुगवले,
छत्रीसारखा उघडला, थरथरला.
कुणी वर पाहिलंच नाही.
चौथ्या दिवशी त्यालाच कंटाळा आला.

गोगलगाय तिने न विचारताच सोडली.
बदामाच्या वाळक्या पानावर
ती शिंगं बाहेर काढते, तो जवळ येतो,
टोचतो एकदा, ती आत जाते.
संध्याकाळी पुन्हा. बोलणंच म्हणा ते.

लमदुआन, मेलेल्या नवऱ्याची बहीण,
सोंगक्रानच्या सणापासून इथेच.
दोन खाटांमधला पडदा प्रानोमनेच शिवला होता,
दुहेरी कापडाचा.
आज दिवा मालवताना तिने तो हातभर सरकवला.
पलीकडे घोरणं चालू.
घोरू दे.