आकृती तीन

शाईनेच काढायचं. पेन्सिल चालत नाही.
जाड पांढरा कागद, चारी बाजूंनी समास,
आणि माणूस दाखवायचा नाही.
अगदीच अडलं तर हात, मनगटापर्यंत,
तोही कुणाचा आहे हे कळू नये असा.
रॉचेस्टरमध्ये, पेटंटच्या वकिलाकडे,
बावीस वर्षं मी हेच केलं.

मिरोस्लावा ह्रिन्को आली त्या दिवशी
जेनेसी नदी काठापासून गोठत आली होती.
काखेत बुटांचा खोका,
खोक्यात लोकरी मोजा,
मोज्यात पितळेचं एक कडं.
भिंगांच्या कारखान्यात ती पॉलिशखात्यात होती.
नखांच्या कडांना गुलाबी भुकटी.
लग्नातसुद्धा निघाली नव्हती म्हणे.

"घट्ट धरलं की भिंग रुसतं," ती म्हणाली,
"सैल धरलं की पळतं."
म्हणून कड्याला आतून तीन टेकू,
प्रत्येक टेकूखाली बुचाची चकती.
चार इंजिनियर सहा स्क्रू पिळून थकले होते.

मी आकडे टाकत गेलो.
दहा म्हणजे कडं. बारा, टेकू. चौदा, बूच.
सोळा म्हणजे भिंग, पण ते तुटक रेषेत,
कारण भिंगावर तिचा दावा नव्हता.

तीनच का, वकिलाने विचारलं.
तिने खांदे उडवले: तीनवर काही डुगडुगत नाही.
मला ओगलेवाडी आठवली.
कंदिलाच्या काचा फुंकून वडील घरी यायचे
तेव्हा परसात तीन दगडांवर
पाणी उकळत असायचं.
जगाला आधीच ठाऊक असलेल्या गोष्टीला
पेटंट मिळत नाही.
मी मान खाली घालून रेघ ओढत राहिलो.
आईची चूल मी कायद्यापासून लपवली.

मग कागद झाले.
लिहून देणार: मिरोस्लावा.
लिहून घेणार: कंपनी.
मोबदला: रोख एक डॉलर, पावला, तक्रार नाही.
त्या डॉलरची तिने मला कॉफी पाजली
आणि वर स्वतःचे वीस सेंट घातले.

एका शनिवारी तिने मला कारखाना दाखवला.
भिंगावर कसोटीची काच ठेवली, वर पिवळा दिवा,
आणि काचेच्या पोटात रेघा उमटल्या,
वहीतल्यासारख्या, सरळ, काळ्या.
तिने अंगठा टेकवला. नुसता. दहा मोजेपर्यंत.
उचलला, तर रेघा तिथे फुगल्या होत्या,
चादरीखाली मांजर शिरावं तशा.
"ऊब," ती म्हणाली. "काचेला विसरायला वेळ लागतो."
आम्ही उभे राहिलो.
काच विसरेपर्यंत कुणी काही बोललं नाही.

सोमवारी मी आकृती तीन काढली:
कडं पेलणारा हात,
आणि अंगठा अगदी तिचाच, पेराशी वाकडा,
भट्टीच्या दाराने कधीतरी चेमटलेला.
त्याला आकडा दिला, अठरा.

सात महिन्यांनी वॉशिंग्टनहून पत्र आलं.
आकृती तीनमधला अठरा
वर्णनात कुठेही सापडत नाही.
सदर भाग काय आहे,
त्याचं कार्य काय, खुलासा करावा;
अन्यथा काढून टाकावा.

वकील माझ्याकडे बघत राहिला.
मी खुलासा केला नाही.

सतरा वर्षांनी दावाही संपला.
कारखान्याच्या जागी आता गाड्या उभ्या असतात.
ते कडं कुणीही करावं, कुठेही, फुकट.
कुणी केलं असेल तर मला माहीत नाही.
मिरोस्लावा लेकीकडे ओहायोला गेली,
दोन नाताळ कार्डं आली, मग नाही.

पण ती दुपार सांगतो.
शाई खोडत नाहीत, ती खरवडावी लागते.
ब्लेड आडवं धरून मी आधी आकडा काढला, मग अंगठा.
कागदाला लव सुटली.
तशा कागदावर पुन्हा रेघ ओढली तर शाई पसरते,
म्हणून आमच्या धंद्यात ती जागा
नखाने घासायची असते, हळूहळू,
गुळगुळीत होईपर्यंत.

मी घासत बसलो.
सहा वाजले, दिवे गेले, झाडूवाला आला.
कागद खिडकीकडे तिरका धरला,
तर तेवढीच जागा चकाकत होती.