छाट

अठ्ठावन्नाव्या वर्षी परीक्षेला बसलो.
रात्री पोरगी प्रश्न विचारायची,
मी भाकरी मोडत उत्तरं द्यायचो,
निम्मी चुकायची.
आता खिशात नोंदणी क्रमांक आहे
आणि करारपत्रात एक रिकामी चौकट:
एजंटाचा मोबदला, किती, कोणाकडून.

तीस वर्षं ही चौकट हवेतच होती.
सात रस्त्याला, स्कूटर स्टँडवर लावून
दोन बोटं वर केली
की विकणाऱ्याला कळायचं, घेणाऱ्यालाही कळायचं,
एकमेकांचं तेवढं कळायचं नाही.

नरसव्वा गुंडेटीचं घर विडी घरकुलात.
दोन खोल्या, पुढं पत्रा, दारात कढीपत्ता.
लेक भिवंडीला, तिकडंच ये म्हणतोय.
कागद पुढं सरकवत म्हटलं, दोन लिहितो.
"कशाचे?"

मी सांगत सुटलो.
सुरतेहून दिराची सही कोणी आणली,
उताऱ्यासाठी सहा हेलपाटे,
पाणी चार दिवसांनी येतं पण दाबानं येतं
हे गिऱ्हाइकाला कुठल्या क्षणी सांगायचं...
ती ऐकत होती.
बोटं मांडीवर नसलेली विडी वळत होती.

"चाळीस वर्षं रोज हजार विड्या दिल्या की.
चेकर मूठभर बाजूला काढायचा. छाट म्हणायचा.
कुठली वाईट, का वाईट, कधी दाखवलं नाही.
आणि ती छाट फेकायचा पण नाही, बगा.
तुमचं दोन तसलंच का?"

नाही म्हणता आलं असतं.
पण बागवान तेराला तयार होता
आणि मी हिला बारा सांगून बसलो होतो,
त्याच्याकडचे दोन आधीच ठरवून.

नियमानं मला खरं बोल असं कुठं म्हटलंय?
लिही, एवढंच म्हटलंय.
पेन तिथंच अडलं.

"तेरा," मी म्हणालो. "तो तेरा देतोय."

ती चिडली नाही. बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं.
"एक लिहा. आन् त्याच्याकडून किती घेता
ते पण तिथंच लिहा.
मला वाचता येत नाही. नातीला येतं."

तेरा हजार.
क्लासची फी वीस, टायर गेलेला.
नवी पोरं म्हणतात, काका, मोबाईलवर गिऱ्हाईक शोधतंय,
तुम्ही कशाला मधे?

निघताना तिनं कढीपत्त्याची डहाळी मोडून दिली.
"हे लिहू नका," म्हणाली.