बटण, बटण, दुवा

ओबनच्या धक्क्यामागे, मासळीच्या दुकानावर आमचं ऑफिस.
डिसेंबरात पावणेचारला दिवे लागतात.
खाली खेकडे उकळतात, वर आम्ही
बोटींच्या वेळापत्रकाची वेबसाइट नव्याने बांधतो.
पाच वर्षांत तिसऱ्यांदा.

फर्गस म्हणतो, ते जुनं फ्रेमवर्क आता कोण वापरतं?
जुनं म्हणजे
माझ्या या कोटाहून धाकटं.

मंगळवारी एफी मॅकफेल आल्या,
पलीकडच्या बेटावरून, सकाळच्या बोटीने.
पांढरी काठी, पिशवीत सुया-लोकर,
काच तडकलेला फोन.
("काचेचं मला काय," म्हणाल्या.)
फोन बोलू लागला, इतका भरभर
की माझ्या हाती शेपटं तेवढी लागली:

बटण.
बटण.
बटण.
दुवा.
बटण.

"यातलं परतीचं तिकीट कुठलं गं?"
खरंच विचारत होत्या.
टोमणा असता तर बरं झालं असतं.

स्क्रीनवर तर सगळं होतं.
बाण, चिमुकली बोट, रद्द फेरीला लाल ठिपका,
वर लाटांचा व्हिडिओ, आपला आपण सुरू होणारा.
डोळ्यांना पंगत, कानाला कडकडीत उपास.

रात्री कोड उघडला.
अर्धा यंत्राने लिहिलाय हल्ली.
मी सांगते, ते लिहितं,
न थकता, चहा न मागता,
आणि बटणाच्या जागी ठेवून देतं
बटणाचे कपडे घातलेला रिकामा डबा.
माउसने टिचकी मारली तर ओ देतो,
टॅबची कळ दारावरून निघून गेली
तरी त्याला पत्ता नाही.

सोंगं उतरवली.
ब्राउझरला पहिल्यापासून येतात
ती साधी बटणं ठेवली.

मग नावं.
यंत्राने सुचवलं: निळा बाण. बटण एक.

आमच्याकडे बारशाला आत्या
बाळाच्या कानात नाव सांगते,
आणि बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात.
भाच्याच्या वेळी मी व्हिडिओ कॉलवर होते.
कुर्रर्र म्हणाले
आणि नेमकं चित्र गोठलं.
पाठ माझी कोरडीच राहिली,
शेजारच्या कुणी बाईने नाव सांगितलं म्हणे.

इथे अठरा होती, बिननावाची.
एकेकाशी वाकले.
परतीचं तिकीट.
तारीख बदला.
गाडीसह प्रवास.
साडेसहाची फेरी रद्द
(लाल राहू दे, पण शब्दही हवा).
धपाटे होतेच: फर्गसचे मेसेज,
शुक्रवार, शुक्रवार, शुक्रवार.

लाटा काढून टाकल्या. अकरा एमबी.
समुद्र खिडकीबाहेर आहे, फुकट,
आणि मध्येच फिरत बसत नाही.
वेळापत्रकाचा साधा तक्ता केला,
सर्व्हरवरूनच वाढून येणारा,
नाहीतर आधी रिकामी पानं मांडायची
आणि भात येतोय, बसा म्हणायचं.
बेटावर सिग्नलची काडी एक,
तीही वाऱ्याच्या मर्जीवर.

गुरुवारी फोन केला. मागे सुयांचा आवाज.
"चाललं," एफी म्हणाल्या.
मी गप्प, त्या गप्प, टाके मोजत असाव्यात.
मग: "पण गाडीचं ते दोनदा का सांगतेस?
मी तर चालत चढते."

पाहिलं. खरंच दोन.
एक मोबाइलसाठी, एक मोठ्या स्क्रीनसाठी.
दुसरं मी लपवलं होतं,
फक्त डोळ्यांपासून.

म्हणजे सतराच होती पोरं.

फर्गस आल्या आल्या नव्या आवृत्तीचं सांगतोय,
खाली खेकड्यांच्या पातेल्याचं झाकण थडथडतंय.
मी माउस ड्रॉवरमध्ये टाकलाय.
टॅब दाबत दाबत
पानाच्या तळापर्यंत जाऊन येते,
दर वेळी कुठेतरी अडकते,
तिथे खूण करते.