शालनचं बूथ

विट्यात, स्टँडच्या मागच्या बोळात,
एका अंगाला माग, एका अंगाला सोड्याच्या बाटल्या
आणि मध्ये पिवळ्या पाटीचं एसटीडी बूथ.
बोळात वळलं की आधी शालन चोथेचं हसू ऐकू यायचं,
माग नंतर.

तिला दिसायचं बांगडीतून बघावं तेवढंच.
माप तिचंच.
मी चौथीत होते तेव्हा बांगडी होती.
दहावीत गेले तर म्हणाली, आता जोडव्याएवढं राहिलंय,
त्यात तुझं नाक तेवढं मावतंय बघ,
ते काय थोडंथोडकं हाय व्हय?

आमच्याकडचे पुरुष सोनं गाळायला जायचे लांब,
कानपूर, गुवाहाटी, एर्नाकुलम, मदुराई.
रविवारी त्यांच्या बायका यायच्या एसटीनं,
मुठीत चिठ्ठी, चिठ्ठीवर घामानं पसरलेला नंबर.
शालनला चिठ्ठी लागायचीच नाही.
'बलवडीची ना गं तू? आवाजावरनंच कळलं.'
आणि बोटं बटणांवर :
शून्य चार आठ चार.
देशाचा नकाशा तिनं भिंतीवर कधी धड पाहिला नसेल.
कुठं लाइन खरखरते,
कुठल्या दुकानातला पोरगा 'शेठ भाईर गेल्यात' म्हणून खोटं बोलतो,
हे सगळं मात्र पाठ.

नोटा ती काठावरनं ओळखायची.
'पाव्हणं, ही धाची. पन्नासची घरी इसरला काय?'
पाव्हणाही हसला शेवटी, करतो काय.

एकदा भर बाजारात विजेच्या खांबाला म्हणाली,
जरा सरका की दादा.
मग महिनाभर येताजाता त्याची विचारपूस :
बरं हाय न्हवं, उभं राहून पाय दुखत असतील.

आई फोनवर बोलायची कमी.
मदुराईहून बाबांचा आवाज यायचा, हॅलो, हॅलो,
आणि आई नुसती दोरी पिळत उभी.
काचेच्या आत लाल आकडे पळत होते,
मला ते दिसत होते, आणि आमच्याकडं वीसच रुपये होते.
शालननं स्टूल फिरवलं, भिंतीकडं तोंड केलं.
'रड निवांत,' म्हणाली,
'मला कुठं काय दिसतंय.'
पैसे घेताना म्हणाली, मीटर बी दिसला न्हाई बाई,
अठरा झालं असतील.

दसऱ्याला पालख्या पळायच्या तेव्हा
ती सोडावाल्याच्या फळीवर चढायची, माझा खांदा धरून.
गुलालात मलाही काही दिसायचं नाही.
पालखी कोणाची पुढं हे ती पायांच्या आवाजावरून सांगायची,
चुकीचं सांगायची बऱ्याचदा,
आणि चुकली की दुप्पट ओरडायची.

ती गेली त्या दिवशी मी इथं नव्हते.
शोकसभेत कुणी म्हणालं, अंधारातली ज्योत.
ऐकलं असतं तर म्हणाली असती,
ज्योत कसली, घरात मला साधी काडी ओढू देत न्हाईत.
बूथच्या जागी आता मोबाइलची कव्हरं टांगलीत,
चकचकीत, रांगेनं.

परवा मदुराईला गेले होते, बाबांचं दुकान रिकामं करायला.
शटरवर जुन्या रंगात नंबर अजून तसाच :
शून्य चार पाच दोन, आणि पुढचे सहा, निम्मे उडालेले.
फोन केव्हाच कापलाय.
मी डोळे मिटून त्यावरून बोट फिरवलं.
पत्रा उन्हानं तापलेला, रंगाचे पोपडे नखात येत होते,
दोनच्या शेपटीपाशी बोट अडलं.
शेजारचा चहावाला तमिळमध्ये काहीतरी विचारत होता,
बहुतेक, बरं वाटत नाही का.
मला हसू आवरेना, त्याला काय सांगू,
आणि कुठल्या भाषेत.