कॅरिबू खिंडीपलीकडे

नदी तीनदा ओलांडली, बूट गळ्यात बांधून.
तिसऱ्यांदा ऑरिननं शिव्या देणंही सोडलं.
डासांनी काही सोडलं नाही.
टेक्ला पुढे, अस्वलाला ऐकू जावं म्हणून
सामानाची यादी ओरडत: मीठ, काडेपेट्या, दोरा.

रात्रीचे अकरा, आणि ऊन अजून खांद्यावर.

खाण म्हणजे काय, तर
गंजका बॉयलर, त्यातून वर आलेला बर्च,
खिळे ठोकलेला एकच बूट. लहान. पोराचा असावा.
एवढं लोखंड इथवर कुणी वाहिलं?

टेक्लाला सोनं धुवायची परात मिळाली,
तळाला भोक.
"पणजी या लोकांना मासे विकायची," ती म्हणाली,
"उधारी राहिलीय."
मग परातीत ब्लूबेरी धुतल्या.
पाणी गळून गेलं.
निळ्या जिभांनी खात बसलो,
बुटाकडे न बघता.